पाय पाहून बूट

मराठी भाषेने पादत्राणांना फारसा मान दिलेला नाही. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा रोख वहाणेवर नसून माणसावर असतो, हे समजू लागले तेव्हापासून ती मला कधीच आवडलेली नाही. काळाने मात्र तिला भलतेच उत्तर दिले. वहाण पायात राहिलीच नाही. ती काचेच्या कपाटात जाऊन बसली, वाढदिवसाच्या मागणीत शिरली आणि कित्येक घरांत बाप-लेकांच्या अबोल्याचे कारण झाली. घरभेटींना गेलो की अभ्यास आणि मोबाईल यांच्यामागोमाग हमखास बुटांचा विषय निघतो. बूट म्हणजे चामड्याचे काळे बूट नव्हेत. घोट्याच्या खाली राहणारे, रबरी तळाचे, नाडी बांधायचे, रोज घालता येतील असे बूट. मुले त्यांना ‘स्नीकर्स’ म्हणतात.

धर्मगुरूने बुटांवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण धर्मगुरूलाही पाय असतात, आणि पन्नाशीनंतर ते आपले अस्तित्व जाणवून देऊ लागतात. मिस्सेच्या वेळी संगमरवरावर उभे राहून आणि धर्मग्रामातल्या गल्ल्या कडक चपलांनी तुडवून माझी उजवी टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावले खिळ्यांवर पडल्यासारखी वाटत. डॉक्टरांनी चप्पल बंद केली आणि टाचेला आधार देणारे, नाडीचे, मऊ तळाचे बूट वापरायला सांगितले. मी गडद करड्या रंगाचे साधे बूट घेतले. पहिल्याच रविवारी एक आजीबाई झग्याखाली डोकावून म्हणाल्या, “फादर, तरणे झालात की!” त्या दिवसापासून मी या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागलो.

हे बूट मुळात गरिबांचे आणि खेळाडूंचे. रबर उन्हात वितळे आणि थंडीत तडके, म्हणून त्याचा तळ टिकत नसे. गंधक मिसळून तापवले की रबर पक्के होते, या शोधाचे पेटंट अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला १८४४ साली मिळाले आणि कापडी बुटाला रबरी तळ लावण्याचा मार्ग मोकळा झाला. असा बूट चालताना आवाज करत नाही. चोरपावलांनी जाणारा, या अर्थाचे नाव त्याला त्यावरूनच पडले. १९१७ साली कॉन्व्हर्स कंपनीने बास्केटबॉलसाठी घोटा झाकणारा कापडी बूट काढला. त्याची घोट्याखालची आवृत्ती १९५७ साली आली, आणि मैदानावरचा तो बूट हळूहळू रस्त्यावर उतरला. आपल्याकडे बाटा कंपनीने १९३६ साली शाळकरी मुलांच्या कवायतीसाठी पांढरा कापडी बूट बनवला. माझ्या पिढीने तोच घातला. शनिवारी सकाळी त्यावर फळ्याचा खडू घासून तो पांढरा करायचा आणि कवायत संपेपर्यंत तो पुन्हा मातकट व्हायचा. सेमिनरीतही झग्याखाली काळे चामडी बूट आणि मैदानावर हेच. त्या वेळी त्यांत कुणाला काही प्रतिष्ठा दिसत नव्हती आणि कमीपणाही दिसत नव्हता.

२०२३ सालच्या जुलैमध्ये आमच्या धर्मग्रामातले एक बागायतदार संध्याकाळच्या मिस्सेनंतर मागे थांबले. केळी आणि भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाणारे, अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, “फादर, पोरगा आठ दिवस कॉलेजला जात नाही. विचारलं तर तोंड फिरवतो. तुम्ही जरा बघा.”

त्यांच्या मनात फीची, व्यसनाची, एखाद्या मुलीची शंका होती. मुलगा दुसऱ्या दिवशी आला. अर्धा तास इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, “फादर, वर्गात सगळे आधी पायाकडे बघतात.” त्याने मुंबईच्या पदपथावरून एका बड्या कंपनीच्या बुटांची नक्कल साडेचारशे रुपयांना घेतली होती. पहिल्या मोठ्या पावसात तळ सुटला, तो त्याने चिकटवून घेतला. पण खरी गोष्ट वेगळीच होती. कंपनीच्या नावातले एक अक्षर चुकलेले होते. एका वर्गमित्राने ते हेरून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले, आणि तेव्हापासून त्या अक्षरासह त्याला टोपणनावच पडले. ऐकणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. अठरा वर्षांच्या मुलाला ती क्षुल्लक नसते, आणि मी त्याला ती क्षुल्लक आहे असे सांगितले नाही.

त्याला मी हेर्ट्सोगेनआउराख या जर्मन गावाची हकिगत सांगितली. ज्या बड्या नावांपायी मुले झुरतात त्यांपैकी दोन नावे या एकाच लहानशा गावातली आहेत. आडोल्फ आणि रुडॉल्फ डासलर या सख्ख्या भावांनी तेथे एकत्र बुटांचा कारखाना चालवला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यात कायमची फूट पडली. १९४८ साली रुडॉल्फने ‘प्युमा’ काढली, १९४९ साली आडोल्फने ‘आदिदास’. गावातून आउराख नावाची छोटी नदी वाहते. तिच्या एका काठाला एका भावाचा कारखाना, दुसऱ्या काठाला दुसऱ्याचा. गावातली कुटुंबे एका ना एका कारखान्यावर पोसलेली, त्यामुळे गावही दुभंगले. समोरून माणूस आला की लोक आधी खाली पाहत, त्याच्या पायात कुणाचे बूट आहेत ते ठरवत, आणि मगच बोलायचे की नाही ते ठरे. म्हणून या गावाला ‘वाकलेल्या मानांचे गाव’ असे नाव पडले. रुडॉल्फ १९७४ साली वारला, आडोल्फ १९७८ साली. दोघांना एकाच दफनभूमीत पुरले, पण एकमेकांपासून दूर. २००९ साली दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र फुटबॉल खेळून समेटाचा हात पुढे केला, तोवर साठ वर्षे लोटली होती.

मुलगा हसला. “म्हणजे आमचा वर्ग त्याच गावातला,” असे म्हणाला. मला वाटले, आता याच्याबरोबर दुकानात जायला हरकत नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघे गेलो. संध्याकाळची वेळ मी मुद्दाम सांगितली होती. दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावू लागतो. रोज जे मोजे घालणार तेच घालून जावे हेही चांगले. दुकानात शिरताच बाप-लेकांची जुंपली. बाप म्हणाले, “काळे चामड्याचे घे, दहा वर्षं बघायला नको.” मुलगा उत्तरला, “पप्पा, तसले वॉचमन घालतात.” वडील काही बोलले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ अंधेरीला वॉचमन आहे, हे मला ठाऊक होते, आणि मुलालाही ते त्याच क्षणी आठवले असावे. तो कानापर्यंत लाल झाला.

मी दुकानदाराला म्हटले, “आधी पाय मोजा. कंपनीचं नंतर बघू.” त्याने एक पुठ्ठा जमिनीवर टाकला, मुलाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे केले आणि पेन्सिलीने रेघ मारली. डावा पाय उजव्याहून थोडा लांब निघाला. पुष्कळांचे असेच असते, आणि बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो. आकड्यांवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. एकाच पायाला साधारणपणे इंग्लंडचा ८, अमेरिकेचा ९ आणि युरोपचा ४२ असे तीन आकडे लागतात, आणि प्रत्येक कंपनीचा साचा आपापला असतो. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. चवड्याच्या दोन्ही बाजूंना कापड ताणून फुगता कामा नये. चालताना टाच आतून वर सटकता कामा नये. बूट हातात घेऊन वाकवला तर तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्यावर नव्हे. ‘घालून घालून सैल होईल’ या दुकानदारी आश्वासनावर विश्वास ठेवून चावणारा बूट कुणी घेऊ नये. चामडे थोडे सैलावते, पण लांबी वाढत नाही.

मुलाचे झाले आणि दुकानदाराने सहज वडिलांनाही पुठ्ठ्यावर उभे केले. ते नको नको म्हणत होते. आयुष्यभर वाफ्यांतून अनवाणी हिंडलेला पाय. टाचांना भेगा, बोटे पंख्यासारखी पसरलेली. लांबीने तो ७ नंबरचा पाय होता, रुंदीने मात्र ७ नंबरच्या कोणत्याही बुटात मावणारा नव्हता. “मी तर कायम ९ घेतो,” ते म्हणाले. “पुढं कापूस कोंबतो. लग्नातही तसाच उभा होतो.” मुलगा त्यांच्या पायाच्या त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिला. पंचवीस वर्षे हा माणूस कापूस भरलेल्या बुटांतून सणावारी चर्चमध्ये येत होता, आणि आपल्या पायातच काहीतरी खोट आहे अशी त्याची समजूत होती.

खोट पायात नव्हती. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. आपले पाय पाश्चात्त्यांच्या पायांहून रुंद असतात आणि परदेशी मापांच्या अरुंद बुटांत ते बसवण्यासाठी लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात, असे त्यातून दिसले. त्यावरून भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. वाचकहो, तुमच्या घरात कुणी एक-दोन नंबर मोठे बूट घेऊन पुढे काही कोंबत असेल, तर त्यांना हे अवश्य सांगा. दुकानात रुंद साच्याचा बूट मागावा. तो सगळीकडे नसला तरी मिळतो.

मग निवडीची पाळी आली. मुलाच्या मनात भरलेला जोड साडेसहा हजारांचा होता. मी एका पायात तो आणि दुसऱ्या पायात अठराशे रुपयांचा एक साधा पांढरा बूट घालायला लावला आणि दुकानात दहा मिनिटे फिरायला सांगितले. दोघांचे तळ दाखवले. कापडी बुटाचा तळ बहुधा सपाट असतो आणि कडेने रबराची पट्टी गुंडाळून भट्टीत पक्का केलेला असतो. तो मऊ आणि हलका, पण लवकर झिजतो आणि दुखऱ्या टाचेला आधार देत नाही. दुसरा प्रकार वाटीसारख्या साच्यातल्या तळाचा. त्यात वरचा भाग बसवून कडेने शिलाई मारलेली असते. थोडा जड, पण रोज दोन-दोन तास लोकलमध्ये उभे राहून जाणाऱ्याला हाच बरा. शिलाई खरी आहे की नुसती साच्यातली नक्षी आहे, ते नखाने चाचपून पाहावे. धाग्याला नख अडते.

साडेसहा हजारांचा बूट करंगळीला दाबत होता. तरीही तो सोडणे मुलाला जड जात होते, हे मला दिसत होते. शेवटी त्याने साधा बूट हातात घेतला, उलटा केला, जीभ बाहेर ओढून पाहिली. त्यावर कुठेही ठळक नाव नव्हते. “यावर वाचायला काहीच नाही,” तो म्हणाला, आणि तोच जोड घेतला. वडिलांनी पिशवीतून पैसे काढून मोजले. स्वतःसाठी त्यांनी काही घेतले नाही.

मला विचाराल तर रोजच्या वापराच्या बुटाचे सौंदर्य या ‘वाचायला काहीच नाही’ मध्येच आहे. जे बूट पन्नास-साठ वर्षे टिकून आहेत ते सारे असेच आहेत. १९६० च्या दशकात एका फ्रेंच टेनिसपटूसाठी केलेला आणि पुढे १९७८ पासून १९७२ चा विम्बल्डन विजेता स्टॅन स्मिथ याचे नाव मिरवणारा पांढरा बूट पाहा. कंपनीचे तीन पट्टेसुद्धा त्यावर रंगवलेले नाहीत, नुसती बारीक छिद्रांची ओळ आहे. जाड फुगीर तळाचे, चार भडक रंगांचे बूट एका हंगामात जुने दिसू लागतात. एकच जोड घ्यायची ऐपत असेल तर तो एकरंगी असावा. पांढरा सगळ्या कपड्यांवर जातो. ज्याला रोज चिखल तुडवायचा आहे त्याने गडद निळा किंवा करडा घ्यावा. पावसाळ्यात कापडी बूट घालूच नये. तो दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याचा वास साऱ्या घराला कळतो. त्या चार महिन्यांत ओल्या फडक्याने पुसता येईल असा बूट हवा.

कपड्यांविषयी थोडेसे, कारण माता-भगिनी मला हेच विचारतात. बूट घोट्याखाली संपतो, म्हणून पँटही घोट्यापाशीच संपली पाहिजे. नाड्यांवर कापडाची चुणी साचली की चांगला बूटही गबाळा दिसतो. जीन्स, सुती पँट, बाहेर सोडलेला सदरा, आखूड कुडता यांवर तो शोभतो. कोट-टाय आणि शेरवानी यांच्याखाली पांढरा बूट घालण्याची सध्या टूम आहे. ती मला मुळीच पटत नाही, पण लग्न लावताना मी ते बोलून दाखवत नाही. स्त्रियांनी साडीवर असे बूट घालू लागणे मात्र मला फार आवडले आहे. गाडी पकडायला धावणाऱ्या शिक्षिका आणि परिचारिका यांच्या पायांना इतकी वर्षे आपण पातळ चपला दिल्या, हेच नवल. वेदीसेवक मुलांच्या पालकांना मात्र एक विनंती. पांढऱ्या झग्याखाली चमचमणारे पोपटी बूट सगळ्या चर्चला दिसतात. त्या तासापुरते साधे काळे किंवा पांढरे घाला. अंत्यविधीलाही तसेच.

बूट रोज एकच घालू नये, घामाने ओला झालेला आतला भाग सुकायला एक दिवस लागतो. दोन साधे जोड आलटून पालटून वापरले तर ते एकट्या महागड्या जोडापेक्षा जास्त दिवस जातात. मोजे सुती असावेत. भिजलेला बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नये, रबर पिवळे पडते आणि चिकटवलेले सुटते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावा आणि बोळे एकदा बदलावेत. धुताना नाड्या वेगळ्या काढाव्यात, मऊ ब्रश आणि अंगाचा साबण पुरतो. कडेची शिलाई सैल झाली की थांबू नये. स्टेशनबाहेरचा मोची थोडक्या पैशांत नवी शिलाई मारून देतो.

त्या मुलाच्या बुटांनी तीन पावसाळे काढले. एकदा शिलाई झाली, दोनदा नाड्या बदलल्या. तो सोमवारपासून कॉलेजला जाऊ लागला होता. टोपणनाव लगेच गेले नाही, पुढच्या वर्षी वर्ग बदलला तेव्हा ते मागे पडले. २०२४ च्या नाताळात त्याने शिकवण्यांच्या पैशांतून वडिलांसाठी रुंद साच्याचा ७ नंबरचा, फिकट करड्या रंगाचा जोड आणला. ते आता तोच घालून दादरला जातात. परवा ते बूट हातात घेऊनच माझ्याकडे आले. डाव्या बुटावर केळीच्या चिकाचा भला मोठा तपकिरी डाग पडला होता. काही उपाय आहे का, असे त्यांनी विचारले. केळीचा चीक कापडावरून जात नाही, हे केळीच्या बागायतदाराला मी काय सांगणार? साबण, लिंबू, रॉकेल सारे त्यांनी आधीच करून पाहिले होते.

“मग पुढच्या खेपेला तपकिरीच घेतो,” ते म्हणाले, आणि ओट्यावर बसून नाड्या बांधू लागले.